अक्काची येळवस

जगाच्या पाठीवर कुठेही नेऊन सोडलं तरी आपण जळकोटच्या बाजारातच उभे आहोत, अशा खात्रीने वागणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे. ती म्हणजे जर्मनीत दोन वर्षं माझ्यासोबत एका खोलीत राहिलेली अक्का. अक्का माझी सख्खी, चुलत, मावस कुठलीच बहीण नाही. मी नांदेडची, ती लातूर जिल्ह्यातल्या जळकोटची. नांदेडहून निघाले तेव्हा परदेशाबद्दल माझी एकच छुपी आशा होती, की तिथे मला कुणी काही विचारणार नाही. आमच्याकडे रिक्षात बसलं तरी शेजारची बाई ‘कोणाची गं तू?’ म्हणते, आणि उत्तर देता देता माझा स्टॉप येऊन जातो. कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही असा एखादा देश असावा आणि तिथे आपण दोन वर्षं गप्प बसावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. दक्षिण जर्मनीतल्या त्या लहानशा गावात दोन बॅगा ओढत मी खोलीचं दार वाजवलं, आणि आतून आवाज आला, “उगडंच हाय, ये की!”

बॅगा खाली ठेवायच्या आत, बॅगेवरचा पत्ता वाचत, तिची चौकशी सुरू झाली होती. “नांदेडची का? आन् आईचं माहेर?” हिमायतनगर, मी म्हणाले. “हिमायतनगरात कुणाचं घर?” तेही सांगितलं. तिने लगेच जळकोटला आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि पाच मिनिटांत असं निष्पन्न झालं, की माझ्या आईच्या मावसबहिणीचं सासर अक्काच्या आत्याच्या गल्लीत आहे. “मंग पाव्हणेच की गं आपण!” ती आनंदाने म्हणाली. “मी दोन वर्सानं थोरली हाय. मला अक्का म्हनायचं.” मी माझ्या शाळेतल्या, जपून वापरलेल्या मराठीत ‘बरं, चालेल’ म्हणाले. तिने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. “तुजं मराठी लई गाळलेलं हाय गं. आमच्या नळाला असं पानी कवाच येत न्हाई.” त्या दिवसापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. गावातल्या बेकरीवालीपासून विद्यापीठाच्या शिपायापर्यंत सगळे मला त्याच नावाने ओळखू लागले. ते माझं खरं नाव नाही, हे त्यांना सांगायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

जर्मन भाषेची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. बेकरीत जाताना पूर्ण वाक्य क्रियापदासकट मनात म्हणत जायचे, आणि माझी पाळी आली की ते इतक्या हळू आवाजात निघायचं, की काउंटरमागची बाई कान पुढे करून ‘काय?’ विचारायची. त्यानंतर मी समोर दिसेल तो पाव घेऊन परत यायचे. अक्काची जर्मन कामचलाऊ होती, आणि काम चालेनासं झालं की ती बेधडक जळकोटची मराठी बोलायची. “त्यो न्हाई गं, त्येच्या मागचा. हां, त्योच. गरम हाय का?” आणि काउंटरमागची ती बाई खरोखर पावावर हात ठेवून बघायची आणि मान हलवायची, की नाही, गार झालाय, पाच मिनिटं थांब. हे माझ्या डोळ्यांदेखत दर आठवड्याला घडत होतं. मी एकदा न राहवून विचारलं, की तिला कळतं तरी कसं? “भाषा मागून येती गं,” अक्का म्हणाली. “आदी माणसाच्या तोंडाकडं बघावं लागतंय. तू पायताणाकडं बघून बोलतीस.”

अक्का आली होती मृदाशास्त्र शिकायला. घरची शेती आणि जळकोटच्या बाजारात किराणा दुकान, त्यामुळे माती आणि माणूस या दोन गोष्टी हातात घेऊन पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. विद्यार्थ्यांच्या पासावर फक्त रडतखडत जाणाऱ्या गाड्यांत बसता यायचं आणि तिला तेच हवं होतं. “फास्ट गाडीत बसून काय बघतीस, काच?” सुट्टीच्या दिवशी ती पहाटे दशम्या करायची, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची आणि मला उठवायची. पहिल्याच प्रवासात आम्ही चुकून शांततेच्या डब्यात शिरलो. भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेलं चित्र होतं. “ह्यो फोटो तर दवाखान्यातला हाय,” अक्का म्हणाली. “कुणी आजारी हाय का काय डब्यात?” आणि मी तिची बाही धरायच्या आत ती चौकशीला निघालीसुद्धा. दहा मिनिटांनी परत आली ती समाधानाने. डब्याच्या टोकाला कंबर धरून बसलेले एक गृहस्थ तिला सापडले होते, आणि ती त्यांना पिशवीतला ओवा देऊन आली होती. दुसऱ्या एका खेपेला गाडी एका आडगावच्या स्टेशनावर दीड तास खोळंबली. जर्मन माणसं घड्याळं बघत एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी राहिली. अक्काने बाकावर फडकं पसरलं आणि जेवण मांडलं. गाडी हलली तेव्हा फलाटावरच्या निम्म्या लोकांच्या हातांत दशमी होती. तिकीट तपासनीसाने मात्र उत्साहाच्या भरात चटणी नुसतीच खाल्ली, आणि पुढच्या तीन स्टेशनांची नावं त्याने फार घोगऱ्या आवाजात जाहीर केली.

जे बघायला लोक दुरून येतात ते तिने सगळं पाहिलं, पण भारावून ती कधीच गेली नाही. शेकडो पायऱ्यांचा चर्चचा मनोरा चढून वर गेल्यावर माझा ऊर भरून आला होता, आणि ती कठड्याला टेकून म्हणाली, “उंच हाय, हाव. पर वारं उदगीरच्या किल्ल्यातच चांगलं लागतंय.” आल्प्सच्या पायथ्याशी सगळे बर्फाच्या शिखरांचे फोटो काढत होते. ती रस्त्याकडेला बसली, केसांतली पिन काढून चिमूटभर माती उकरली, बोटांत चोळली, हुंगली. “लई पातळ माती,” ती मला हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून. “गरीब हायत गं बिचारे.” इतर मुलांच्या फ्रीजवर ठिकठिकाणची चुंबकं असायची. आमच्या खिडकीत आगपेट्या होत्या, प्रत्येकीत एकेका गावची माती, वर जर्मन गावांची नावं मराठीत आणि खाली शेरा. एकीवर लिहिलं होतं, ‘बरी आहे, पण हरभरा येणार नाही.’

आम्ही राहायचो ते घर एका ऐंशी ओलांडलेल्या आजींचं होतं. त्या वरच्या मजल्यावर एकट्या, आम्ही खाली. आजींचा नियमांवर जीव होता. रविवारी खिळा ठोकायचा नाही, सकाळी सहाच्या आत नळ सोडायचा नाही, काचेच्या बाटल्या दुपारी टाकायच्या नाहीत. अक्काची आंघोळ आणि गळ्यातल्या लिंगाची पूजा साडेपाचला, म्हणून ती रात्रीच बादली भरून ठेवायची. नियम पाळणं तिला अवघड जात नसे, कारण तिच्या मते आजी तिच्या आजोळच्या आजीसारख्याच होत्या, फक्त गोऱ्या. त्या भागात एक जुनी पद्धत आहे. आठवड्याची झाडलोट घरातल्या लोकांनी पाळीपाळीने करायची, आणि ज्यांची पाळी त्यांच्या दाराच्या कडीला एक लाकडी पाटी अडकवायची. मला ती पाटी दिसली की शिक्षा झाल्यासारखं वाटायचं. अक्काला तो मान वाटायचा. “बगं, आपल्याकडं अंगण दिलंय म्हातारीनं!” ती म्हणायची आणि फाटकापर्यंतची फरशी अशी झाडायची, की पलीकडच्या घरातले लोक खिडकीत येऊन बघायचे.

डिसेंबरातल्या आमच्या पाळीच्या सोमवारी पहाटे बाहेर उणे आठ होतं. अक्का आंघोळ, पूजा उरकून झाडायला गेली. झाडून झाल्यावर फरशी तिला कोरडी-कोरडी, भकास वाटली. बादलीत पाणी उरलेलं होतं. जळकोटात उभ्या जन्मात जे रोज केलं ते तिने केलं. फाटकापासून पायरीपर्यंत छान सडा टाकला, आणि ओल्या फरशीवर तांदळाच्या पिठाने कमळाची मोठी रांगोळी काढली. मग आत येऊन चहा ठेवला.

उजाडल्यावर मी खिडकीतून पाहिलं. अंगणभर काच पसरली होती, आणि त्या काचेखाली रांगोळी एखाद्या फ्रेममधल्या फोटोसारखी शोभून दिसत होती. मी ओरडायच्या आत पोस्टमन फाटकातून आत आला. तो पडला असं म्हणता येणार नाही. तो बसला, आणि बसल्या बसल्या, पत्रं छातीशी धरून, कमळाच्या पाकळ्यांवरून शांतपणे घसरत कुंपणाच्या झुडपात जाऊन थांबला. त्याला काही लागलं नव्हतं. तो हसतच होता, आणि अक्काने त्याला हाताला धरून आत आणून चहा पाजला. पण वरच्या खिडकीत आजी उभ्या होत्या, आणि त्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेटीत पत्र आलं. आजी एकच जिना वर राहत होत्या, तरी पत्राला रीतसर तिकीट लावलेलं होतं. जानेवारीअखेर खोली सोडावी. त्या गावात खोली मिळवायला मुलं सहा-सहा महिने वाट बघत. राहता पत्ता नाही तर व्हिसाची मुदत वाढणार नाही, आणि अक्काचा प्रबंध तर अर्ध्यात होता. गावच्या एका शेतकऱ्याच्या रानातले तिचे मातीचे वाफे मार्चपर्यंत रोज बघावे लागणार होते. खोली गेली असती तर ती तशीच, डिग्रीविना, जळकोटला परत गेली असती. मी शब्दकोश घेऊन बसले आणि निर्दोष व्याकरणात माफीपत्राचे तीन खर्डे केले. अक्काने ते उचलून बाजूला ठेवले. “कागदाला कागद लावून भांडण मिटतंय व्हय? चार दिवसांनी येळवस हाय. म्हातारीला जेवू घालू.”

वेळ अमावस्येला आमच्याकडे, विशेषतः लातूरकडे, येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे, आणि मग मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीची ताकातली आंबील असं जेवण. अक्का आजींना आमंत्रण द्यायला वर गेली. आजी म्हणाल्या, पत्रव्यवहार चालू असताना त्या भाडेकरूंचं आमंत्रण स्वीकारू शकत नाहीत. मला वाटलं, संपलं. अक्का मात्र जिना उतरली ती गाणं गुणगुणत. “येळवसला कुणी आमंतरण देतंय व्हय, येडे? रस्त्यानं जाईल त्येला हाक मारायची आसती. म्हातारी रोज साडेअकराला फिराया कुठनं जाती?” आजी दोन काठ्या टेकत रोज साडेअकराला त्याच शेतकऱ्याच्या रानाकडेच्या पायवाटेने जात. हे मला दीड वर्षात कळलं नव्हतं.

शेतकऱ्याने रान दिलं, मक्याची वाळकी धाटं दिली, आणि हे कशासाठी ते विचारलं नाही, कारण अक्का त्याच्या मातीचा वास घेत फिरायची तेव्हापासून त्याने विचारणं सोडलं होतं. आदल्या दिवशी तिने बर्फात कोप बांधली, आणि त्या थंडीने तिचा घसा पार बसला. येळवसच्या सकाळी तिच्या तोंडून फक्त वाफ निघत होती. भज्जीत वाटाणा, पावटा, पालक, गाजर, जे मिळालं ते पडलं होतं. आंबिलीचं ज्वारीचं पीठ अक्काच्या आईने पाठवलेलं. पाच दगडांना तिने पिठाचा हात दिला, आंबील शिंपडत रानाला फेरी घातली, आणि फेरी घालताना मोठ्याने पुकारायचं ते ‘ओलगे, ओलगे’ तिने नुसत्या ओठांनी म्हटलं. मग पायवाटेकडे बोट करून माझ्या कानाशी कुजबुजली, “कॉन्व्हेंट, आता तूच हाका मार.”

मी आयुष्यात कधी रिक्षालाही हाक मारलेली नाही. हात वर करून उभी राहते, थांबला तर थांबला. पहिला आला तो एक कुत्रेवाला. मी त्याला आदरार्थी क्रियापदात विचारलं, की आपली हरकत नसल्यास आपण थोडं जेवण घेऊ इच्छाल का? तो म्हणाला, नको, आभारी आहे. मागून आलेलं जोडपंही तेच म्हणालं, आणि जरा वेग वाढवून गेलं. अक्काने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि बसलेल्या घशानेच फिसकारली, “इचारू नकोस गं! इचारलं की मानूस न्हाईच म्हनतंय. बलाव!”

तेवढ्यात वळणावर दोन काठ्या दिसल्या. साडेअकरा वाजले होते. मला जर्मनमधलं एकही क्रियापद आठवेना. मी डोळे मिटले आणि माझ्या आईचा असावा अशा आवाजात ओरडले, “ओ आजी! या, या, जेवायला या!”

आजी थांबल्या. मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं. “हे मला उद्देशून आहे का?” त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. मी जोरजोरात मान हलवली. त्या पायवाट सोडून, ढेकळांवरून काठ्या टेकत, हळूहळू आल्या. कोपीत वाकून त्यांनी पाच दगड पाहिले. हे पाच भाऊ आहेत, मी सांगितलं. त्यांनी कोपीची धाटं काठीने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “वारा पश्चिमेकडून येतो. दार चुकीच्या बाजूला केलंय. भाऊ गारठतील.” मग त्या घोंगडीवर बसल्या. चमचे मी घरी विसरले होते. त्यांनी हातमोजा काढला, उंडा मोडला, भज्जीत बुडवला आणि बराच वेळ चावत राहिल्या. अक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होती, मी माझ्या पायताणाकडे.

“माझ्या लहानपणी,” आजी म्हणाल्या, “बटाटे काढून झाले की रानात शेकोटी करायचे. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून गरम बटाटा द्यायचे. मग ते कधी बंद झालं, मला सांगता येणार नाही.” एवढं बोलून त्यांनी रिकामं ताट अक्कासमोर धरलं. आणि तो मघाचा कुत्रेवाला फेरी संपवून परत येताना दिसला, तशी त्यांनी एक काठी उंचावली आणि वरच्या मजल्यावरून आम्हाला बाटल्यांबद्दल सांगायच्या त्या आवाजात हुकूम सोडला, “ए! इकडे ये! जेवायचं आहे!” तो निमूट आला. जोडपं आलं. सायकलवरून जाणारी शाळेची बाई आली, स्वतः शेतकरी आला, पोस्टमन आला आणि जपून बसला. तासाभरात कोपीभोवती चौदा माणसं आणि दोन कुत्री जेवत होती. आजी ज्याला बोलावतील तो येतच होता, कारण त्यांना नाही म्हणायची त्या गावात कुणाची छाती नव्हती. अक्का सगळ्यांना आग्रह करून वाढत होती, आवाजाशिवाय, आणि सगळ्यांना सगळं समजत होतं.

त्या पत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी सकाळी दार उघडलं तर कडीला झाडलोटीची पाटी होती. खरं तर त्या आठवड्यात पाळी आमची नव्हती. पाटीखाली निसरड्यावर टाकायची खडी भरलेली बादली, आणि बादलीला चिकटवलेली चिठ्ठी, ‘पाणी नको’. खाली दोन रेघा. अक्काने ती चिठ्ठी खिडकीत, आगपेट्यांच्या शेजारी लावून टाकली.

डिग्री घेऊन मी नांदेडला परतले, इथेच नोकरी धरली. अक्काला तिथल्याच एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. वर्षभरात परत येते म्हणाली होती, त्याला तीन वर्षं झाली. आजींना आता जिना उतरवत नाही. सकाळी अक्का त्यांना चहा देते आणि संध्याकाळी त्या हिला वर बसून जर्मन क्रियापदं शिकवतात. फोनवर मी विचारलं, की येतेस कधी? तर म्हणाली, “यिऊन कसं चालंल गं? म्हातारी एकटी हाय. जाते म्हनलं तर ती काय बोलत न्हाई, नुसती माझ्या बॅगेकडं बघती.”

मागच्या महिन्यात तिने कुणासोबत तरी सामान पाठवलं, ते पोचवायला मी जळकोटला गेले. दुकानात तिची आई एकटीच होती. आजींनी विणलेली लोकरीची टोपी त्यांनी भर दुपारी घालून पाहिली आणि आरशात बघून हसल्या. मग मला चहा दिला. “तिकडची म्हातारी एकटी हाय म्हनती ती,” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, “मी काय तरनी हाय व्हय गं?” मी कपाकडे बघत राहिले. तसं त्यांनी स्वतःच हसून विषय झटकला आणि अक्काला पाठवायचं ज्वारीचं पीठ मोजायला घेतलं. पिशवीला गाठ मारली, जरा थांबल्या, गाठ पुन्हा सोडली आणि आणखी दोन मापं घातली. “म्हातारीला आंबील लई आवडती म्हनं,” त्या म्हणाल्या. “दोघींना पुरंल येवडं आसावं.”